सिझर मागून घेऊ का?

"ताई, मी जांबोटीच्या पलीकडच्या गावची सून, माहेर चंदगड तालुक्यातलं. पहिलटकरीण आहे, सातवा लागलाय, तारीख आषाढातली. गेल्या वर्षी जावेचं नॉर्मल बाळंतपण झालं आणि वार पडल्यावर रक्त थांबेना. कशीबशी वाचली. आत्या म्हणतात, नॉर्मलला काय भ्यायचं, आम्ही घरीच बाळंत झालो. मला झोप लागत नाही. डॉक्टरांकडून सरळ सिझर मागून घेऊ का?"

बाळ, जावेची ती अवस्था तू डोळ्यांनी बघितलीस. तुला नुसतं "भिऊ नको" म्हणून मी गप्प बसणार नाही. आत्या म्हणतात तेही खोटं नाही, बहुतेक बायका नॉर्मलमधून सुखरूप उठतात. पण त्यांच्या काळी गावात किती बाळंतिणी दगावल्या, हेही त्यांना एकदा शांतपणे विचार.

जावेला झालं ते बहुतेक वेळा गर्भाशय आवळलं नाही म्हणून होतं. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशय नारळासारखं कडक झालं तरच त्या दाबल्या जातात. म्हणून बाळ बाहेर येताच मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं असतं. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर यासंबंधी अभ्यास झाला, २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाळ जन्मल्यावर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मिळालेल्यांत जादा रक्तस्राव शंभरात सुमारे सहाजणींना झाला, न मिळालेल्यांत बारा जणींना. (या गोळ्या नर्सच्या हातूनच आणि बाळ बाहेर आल्यावरच घ्यायच्या. आधी घेतल्या तर जिवावर बेततं.) अंगात रक्त कमी असेल तर थोडा रक्तस्रावही झेपत नाही. तुझं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या आजपासून एकही चुकवू नकोस.

टाक्यांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पहिल्या खेपेला खाली थोडं फाटणं अगदी नेहमीचं, बहुतेक जखमा काही आठवड्यांत भरतात. क्वचित फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाते. ती अनुभवी डॉक्टरनेच शिवायला हवी. नंतर खोकताना लघवी सुटली किंवा वारा-शी आवरेना झाली, तर "बाळंतपणात असं चालायचंच" म्हणून सोसू नकोस. त्यावर व्यायाम आणि उपचार आहेत.

बाळाच्या बाजूने बघायचं तर खांदा अडकतो, नाळ आधी खाली येते, ठोके मंदावतात, जन्मल्यावर बाळ रडत नाही. यातलं पुष्कळसं आधी कळत नाही. मधुमेह असेल तर बाळ मोठं होऊन खांदा अडकण्याचा धोका वाढतो, म्हणून साखर तपासली नसेल तर याच आठवड्यात तपास. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो. तो देणारा माणूस त्या खोलीत हवा.

आता सिझर. ते पोटाचं ऑपरेशन आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात गुठळ्या हे धोके त्यातही आहेत, आणि पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता वाढते. वार खाली गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ शेवटपर्यंत आडवंच असेल, तर ते करावंच. तुझी भीतीही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. पण माझं स्पष्ट मत विचारशील तर तुला आधी दवाखाना ठरवायला हवा: रात्रीही भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशनची सोय मिळेल असा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे, पण आषाढात जांबोटीकडे आणि चंदगडाकडे पाऊस कसा कोसळतो ते तू जाणतेस. आईला सांग, तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी बेळगावात कुणा नातेवाइकाकडे राहायला येऊ, आणि आईच सोबतीला राहू दे. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) कन्नडमध्ये आहे म्हणून घरी ठेवू नकोस. ते, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट एकाच पिशवीत घाल. तुझ्या गटाचे दोन रक्तदाते नवऱ्याने आत्ताच हेरून ठेवावेत. डोकं ठणकलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, रक्त गेलं, पाणी हिरवट आलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट न बघता १०८ ला फोन. घरी आल्यावर तासाभरात पॅड भिजून गेलं तरी तसंच.

पुढच्या तपासणीला आत्यांनाही घेऊन जा. जावेला काय झालं होतं ते डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांग, आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर इथे काय करता, हे विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा दवाखाना बघायला अजून वेळ आहे.