घरी स्पीकर बनवतोय, ८ इंची वूफर घेताना वॉट आणि मॅग्नेट बघून निवडावा का?

तुम्ही लिहिलंय की हॉल १२ बाय १४ चा आहे, सुताराकडून २५ लिटरच्या दोन बंद पेट्या करून झाल्यात आणि दुकानदाराने दोन वूफर समोर ठेवलेत. एक १५० वॉटचा, जाडजूड मॅग्नेटचा. दुसरा ६० वॉटचा, निम्म्या मॅग्नेटचा. भाव जवळपास तोच. मग मोठा घेण्यात फायदाच आहे ना, असं तुमचं म्हणणं.

नाही. हाच हिशेब आमच्या घरात एकदा केला गेला आणि तो माझ्या वडिलांच्या कानांना सोसावा लागला.

बाबांनी मिरजेत चाळीस वर्षं तबल्याच्या शिकवण्या घेतल्या. २०११ साली त्यांच्या पंचाहत्तरीला मी स्पीकर बनवायचं ठरवलं. पेट्या १८ मिलिमीटर प्लायच्या, आत आडवी पट्टी, सगळे सांधे फेव्हिकॉलने भरलेले, आत गादीवाल्याकडून आणलेला पॉलिस्टरचा पिंजलेला फायबर. त्या पेट्यांत मला आजही खोट दिसत नाही. वूफर मात्र मामाने आणले. मामाचा धंदा साऊंड सर्व्हिसचा. जत्रा, लग्नं, गणपती, निवडणुकीच्या सभा. माडीवर कर्णे बांधण्यापासून सुरुवात केलेला माणूस. आवाजाच्या बाबतीत आमच्याकडे त्याचा शब्द शेवटचा. त्याने वूफर पिशवीतून काढला, माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि म्हणाला, "वजन बघ. याला म्हणतात माल."

माझ्याकडे त्या वूफरची डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला आकड्यांचा कागद, होती. त्यात क्यूटीएस (कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, डोलून किती लवकर थांबतो ते सांगणारा आकडा) ०.२८ लिहिलं होतं आणि बंद पेटीसाठी तो आकडा मला खटकत होता. मी तसं बोललो. मामा म्हणाला, "कागद ऐकायचाय का तबला?" सगळे हसले आणि मी गप्प बसलो. तेव्हा गप्प बसलो हे मला अजून सलतं.

पहिल्या दिवशी एकल तबल्याची सीडी लावली. बाबा खुर्चीत, उजव्या हाताची बोटं मांडीवर. पेशकार सुरू झाला. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, 'ना' असा कडक आणि स्वच्छ की मामाने माझ्याकडे बघून मान हलवली. पण प्रत्येक 'धा'मध्ये नुसता उजव्या हाताचा 'ना'च होता. डाव्या हाताच्या डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकतं (त्यालाच घिस्सा म्हणतात) तेव्हा जो घुमारा खालून वर चढत जातो, त्या जागी फक्त थाप पडल्याचा टप्प असा आवाज. दहा मिनिटांनी बाबांची बोटं थांबली. त्यांनी विचारलं, "याचा डावा हात कुठाय?"

त्यानंतर ते स्पीकर त्यांनी आपण होऊन कधी लावले नाहीत. सकाळी सांगली आकाशवाणी ऐकायचे, त्यांच्या जुन्या रेडिओवर.

मामाने आधी सुताराला दोष दिला, मग ॲम्प्लिफायरला, मग पेटी बंद आहे म्हणून पेटीला. एके दिवशी ड्रिल घेऊन आला आणि समोरच्या फळीला भोक पाडून त्यात पीव्हीसीचा तुकडा बसवला. लांबी किती, तर हाताला लागला तेवढा. डग्गा आला नाहीच, वर फुसफुस वाढली.

२०१४ साली मी दुसरी जोडी घेतली आणि या वेळी कुणाला विचारलं नाही. समोरची फळी नवी लावली, पेटी तीच, ॲम्प्लिफायर तोच. दोन्ही जोड्या मोजून ठेवल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांतच आहे, म्हणून नीट बघा.

मामाचा वूफर: एफएस (कोनचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप डोलतो) ६८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.२८, व्हीएएस (कोनच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा) २२ लिटर, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिली की किती मोठा आवाज) ९५ डीबी, एक्समॅक्स (कोन किती नीट हलू शकतो) ३ मिलिमीटर. माझा: एफएस ३२, क्यूटीएस ०.४२, व्हीएएस ४५ लिटर, सेन्सिटिव्हिटी ८७, एक्समॅक्स साडेपाच. आता बंद पेटीचा हिशेब. व्हीएएसला पेटीच्या लिटरने (आमचीही पेटी २५ चीच) भागायचं, १ मिळवायचा, वर्गमूळ काढायचं. त्या आकड्याने क्यूटीएसला गुणलं की पेटीतला क्यू मिळतो आणि एफएसला गुणलं की पेटीतला अनुनाद. मामाचा वूफर: क्यू ०.३८, अनुनाद ९३ हर्ट्झला. माझा: क्यू ०.७०, अनुनाद ५४ च्या आसपास. बंद पेटीत ०.७ च्या जवळचा क्यू म्हणजे बेस सपाट आणि घट्ट. ०.३८ म्हणजे मामाचा वूफर २०० हर्ट्झपासूनच उतरायला लागतो, आणि ९३ हर्ट्झला स्वतःच्याच मधल्या सुरांपेक्षा ८ डीबी खाली असतो.

कशामुळे? मॅग्नेटमुळेच. जबर मॅग्नेट म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या कॉइलवर पकड जास्त. त्याने आवाज मोठा होतो, पण तीच पकड अनुनादाजवळ कोनला ब्रेक लावते आणि क्यू खाली ओढते. म्हणजे मॅग्नेटची सगळी ताकद मधल्या सुरांना मिळते, खालच्यांच्या वाट्याला काही येत नाही. मधल्या सुरांत मामाचा वूफर माझ्यापेक्षा ८ डीबी मोठा, ९३ हर्ट्झला दोघे बरोबरीत, ५० हर्ट्झला मामाचा ३ डीबी मागे. चाट पुढे आणि डग्गा मागे, याचं कारण एवढंच. सुतार निर्दोष होता.

हे गणित आपल्याकडचं कुणी घरबसल्या काढलेलं नाही. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात पोर्टच्या, म्हणजे भोक आणि नळी असलेल्या, पेट्यांवर ते मांडलं आणि १९७० च्या दशकात सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते बंद पेट्यांसकट पूर्ण केलं. म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल म्हणतात. पन्नास वर्षं जगभर स्पीकर याच हिशेबावर बनतायत, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून वूफर उलटा करून मॅग्नेटच दाखवतात. याचा मला राग येतो.

वॉटचं थोडक्यात. कॉइल जळण्याआधी किती उष्णता सोसते, एवढंच तो आकडा सांगतो. ६० वरून १५० वर गेलात तर जास्तीत जास्त ४ डीबी वाढतात, तेही तुमच्या ॲम्प्लिफायरने तेवढे वॉट दिले तर. १२ बाय १४ च्या खोलीत कुणी देत नाही. बेस आधी अडतो तो एक्समॅक्सपाशी. तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनला चौपट हलावं लागतं. ८ इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर धरा: ३ मिलिमीटर हालचालीत ६५ घन सेंटिमीटर हवा ढकलली जाते, साडेपाचमध्ये ११८. १५० वॉटवाला इथे मागे पडतो. एक्समॅक्स मात्र कुणी एका बाजूचा छापतं, कुणी दोन्ही बाजूंचा मिळून, ते तपासून घ्या. सेन्सिटिव्हिटीतही असाच घोळ. २.८३ व्होल्टला मोजलेली असेल तर ४ ओहमच्या वूफरला फुकटचे ३ डीबी मिळतात.

डेटाशीट नसेल तर मोजा. दोन इनपुटांचं साधं साऊंड कार्ड, १०० ओहमचा रेझिस्टर आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. नवा वूफर आधी तासभर २५-३० हर्ट्झवर हलवून घ्या. व्हीएएससाठी कोनवर वजन ठेवून पुन्हा मोजावं लागतं. मी ५ रुपयांची दोन पिवळी नाणी मुलीच्या क्लेने डस्ट कॅपच्या, म्हणजे कोनच्या मधल्या टोपीच्या, कडेला चिकटवली, सगळं मिळून सोनाराच्या काट्यावर १४ ग्रॅम भरलं, आणि अनुनाद ३२ वरून २७ वर उतरला. १ आणि २ रुपयांची स्टीलची नाणी वापरू नका, आतला मॅग्नेट त्यांना ओढतो आणि मोजमाप बिघडतं.

तर तुमच्या दोन वूफरचं. दोघांचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, त्यामुळे ६० वॉटवालाच घ्या असं मी छातीठोक सांगू शकत नाही. लहान मॅग्नेटचा क्यूटीएस ०.७ असेल तर तोही तुमच्या पेटीत घुमत राहील. दोघांचे आकडे काढा, वरचा हिशेब करा, ०.७ च्या जवळ जो येईल तो घ्या. दुकानदार आकडे द्यायला तयार नसेल तर दुकान बदला. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कोनभोवती फोमची कड नको, दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची घ्या.

मामावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. त्याचा वूफर वाईट नव्हता. मैदानात, पोर्टच्या पेटीत, खाली बेसच्या वेगळ्या पेट्या लावून ९५ डीबीच हवेत. तिथे माझा ८७ वाला कुणाला ऐकूही जाणार नाही. त्याची चूक एवढीच की जत्रेचं माप त्याने बाबांच्या खोलीला लावलं.

नवीन जोडी लावली त्या संध्याकाळी मी तीच सीडी वाजवली. बाबांनी अख्खा पेशकार ऐकला, कायदा सुरू झाल्यावर त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घिस्सा काढत होता. मामा दारात उभा होता. "ॲम्प्लिफायर बदललास ना?" म्हणाला. बदलला नव्हता. मी त्याला दोन्ही आलेख एका कागदावर काढून दिले, ते त्याने घडी करून खिशात ठेवले. आजही विषय निघाला की तो ॲम्प्लिफायरचंच नाव घेतो.

त्याचे ते दोन वूफर आता आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या स्पीकरमध्ये आहेत. गळा आणि टाळ छान स्वच्छ ऐकू येतात. डग्गा तिथे समोर बसूनच वाजवतात.