विडीचं कार्ड बूथवर चालतं का?

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. सासूबाई विड्या वळतात. त्यांचं मतदार कार्ड हरवलंय. विधानसभेला त्या विडी कामगार कार्ड, रेशनकार्ड आणि घरी आलेली मतदार चिठ्ठी घेऊन गेल्या, तर परत पाठवलं. आधारवर आमच्या आडनावातल्या 'ल्ल'चा नुसता 'ल' झालाय. शिवाय बोटं झिजल्यामुळे रेशन दुकानात त्यांचा अंगठा उठत नाही. पुढच्या वेळी मत देता येईल का?
– एक सूनबाई

उत्तर : ताई, अंगठ्याची भीती आधी काढून टाका. मी शिक्षक, निवडणुकीची ड्युटी बऱ्याचदा केली आहे. बूथवर रेशन दुकानासारखं मशीन नसतं. सही येत नसेल तर रजिस्टरवर शाईचा अंगठा घेतात, तो कशाशीही जुळवून बघत नाहीत. पूर्व भागातल्या किती बायका या एका धास्तीनं घरी बसत असतील, कोण जाणे.

आता कागदांचं. सासूबाईंनी नेलेले तिन्ही कागद ओळखीसाठी चालत नाहीत, त्यामुळे परत पाठवणाऱ्याची चूक नव्हती. आधार दाखवा असं सांगायला मात्र काय जात होतं! मतदार चिठ्ठी 2019 पासून ओळखीचा पुरावा धरत नाहीत. ती यादीतला अनुक्रमांक सापडावा म्हणून. रेशनकार्ड निवडणूक आयोगाच्या कागदपत्रांच्या यादीत नाही, विडी कामगार कार्डही नाही. (कामगार मंत्रालयाच्या योजनेचं आरोग्य विम्याचं स्मार्ट कार्ड मात्र त्या यादीत आहे. ते आणि विडीचं कार्ड एकाच डब्यात ठेवलेलं असतं, म्हणून घोळ होतो.) आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, यातलं काहीही एक चालतं. पतसंस्थेचं पासबुक नको.

'ल्ल'चं म्हणाल, तर पूर्व भागातली तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना असं होतंच. चेहरा, वय, पत्ता जुळला की एका अक्षरावरून सहसा कुणी अडवत नाही. तरी आधारसोबत पासबुकही द्या. एखाद्या पोलिंग एजंटनं हरकत घेतलीच, तर त्याला 2 रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतात.

मात्र मतदार यादीत नाव नसेल तर कुठलंही कार्ड कामाचं नाही. तुमच्याकडची बरीच घरं विडी घरकुल वसाहतीकडे गेली, नावं जुन्याच बूथवर राहिली. तुम्हीही जागा बदलली असेल तर 1950 वर फोन करून नाव कुठे आहे ते विचारा. पत्ता बदलायचा असो, नाव दुरुस्त करायचं असो की हरवलेलं कार्ड नव्यानं मागायचं असो, फॉर्म एकच, 8 नंबरचा. तुमच्या बूथची मतदार यादी बघणाऱ्या बीएलओकडे द्या, निवडणूक लागायची वाट बघू नका.

आणि त्या दिवशी आधारचं खरं कार्डच हातात द्या. मोबाइलमध्ये फोटो आहे म्हणून लोक येतात आणि मोबाइलसकट दारातच अडतात.