जुनी २८ मिमी लेन्स: चरा सोडा, पाती बघा

तुमचा प्रश्न असा, की निकॉनच्या मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्यासाठी जुनी २८ मिमी एफ/२.८ मिळतेय, पण पुढच्या काचेवर बारीक चरा आहे आणि आत धूळ दिसते. घ्यावी का?

चरा आणि धूळ डोक्यातून काढा. फोटोत ते उतरत नाहीत, फार तर सूर्य समोर असताना चमक थोडी पसरेल. बुरशी मात्र नको. मागून टॉर्च मारून तिरकं बघा. कोळिष्टकासारखे तंतू दिसले की सरळ परत द्या.

माझी फजिती झाली ती पात्यांमुळे, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पातळ पत्र्यांमुळे. आरशासारखी लख्ख लेन्स घेतली, एफ/११ ला (म्हणजे छिद्र बरंच लहान ठेवून) स्लाइडचा रोल काढला आणि धुऊन आला तेव्हा सगळी आभाळं पांढरीफटक. पात्यांवर तेल उतरलं होतं, त्यामुळे शटर उघडायच्या आत ती पुरती मिटतच नव्हती. एसएलआरमध्ये (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात) आपण बघतो ते लेन्स पूर्ण उघडी असताना, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये याचा पत्ता लागत नाही. तेव्हा छिद्राची रिंग एफ/१६ वर ठेवा, लेन्सच्या मागचा छोटा दांडा बोटाने सरकवा आणि सोडा. छिद्र टचकन मिटलं पाहिजे. आळस देत मिटलं, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

दुसरी परीक्षा कोपऱ्यांची. एसएलआरमध्ये आरशाला जागा लागते. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) फिल्म ४६.५ मिमी दूर असते, २८ पेक्षा बरीच जास्त. म्हणून २८ मिमीची लेन्स उलट्या टेलिफोटोसारखी रचावी लागते, म्हणजे काचा फिल्मपासून लांब राहूनही चित्र नीट पडतं. अशा रचनेत एखादी काच जरा सरकली की एक बाजू मऊ पडते. ट्रायपॉडवरून दूरची इमारत एफ/२.८ ला घ्या, मग कॅमेरा उलटा करून तीच परत घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो जुन्या वाइडचा स्वभाव, एफ/८ ला बराच सुधारतो. एकच बाजू मऊ असेल आणि कॅमेरा उलटा केल्यावर तो मऊपणा इमारतीच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर काच सरकलेली आहे, लेन्स कधीतरी पडली असावी. हे डिजिटलवर अडॅप्टर लावूनही चालेल, पण फुल फ्रेमवरच, म्हणजे सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असेल तरच. लहान सेन्सर नेमके कोपरेच कापतो.

आणि हो, नेमकी कोणती २८ ते विचारा. अंतराची रिंग ०.२ मीटरपर्यंत जात असेल तर ती ८ काचांची एआय-एस (निकॉनच्या मॅन्युअल लेन्सची नंतरची मालिका), माझ्या मते यातली सर्वांत चांगली. सिरीज ई या निकॉनच्या स्वस्त मालिकेतल्या २८ मध्ये ५ काचा. हलकी आहे, वाईट नाही, पण एआय-एसच्या भावात घेऊ नका. १९७७ च्या आधीची, छिद्राची रिंग बदलून न घेतलेली असेल तर निकॉन एफएम२ सारख्या बॉडीवर जोर करून बसवू नका, बॉडीच्या माउंटशेजारचा छोटा खटका मोडू शकतो.