बाबा नेमके कधी पडले?

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. मधुमेह जुना आहे, इन्सुलिन चालू आहे आणि दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस करतात. गेल्या चार महिन्यांत ते तीनदा पडले. परवा तर कपाळाला खोक पडली, दोन टाके घालावे लागले. आम्ही बाथरूममध्ये दांड्या बसवल्या, पायपुसणी उचलली, रबरी तळाच्या चपला आणल्या, रात्रभर दिवा ठेवतो. तरी पडतातच. ते म्हणतात, "वय झालं की माणूस पडायचाच." ह्यांचं म्हणणं, चालणंच बंद करू, व्हीलचेअर आणू. काय करावं?

उत्तर : आधी कपाळाचं बघू, कारण त्यात उशीर चालणार नाही. डायलिसिसच्या वेळी मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून बहुतेकांना हेपारिन देतात. किडनीच्या आजारात रक्त थांबवणाऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. त्यामुळे बाहेरची जखम दोन टाक्यांची असली, तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साठू शकतं. पुढच्या डायलिसिसला सुया टोचण्याआधीच सिस्टरला सांगा, "बाबा डोक्यावर पडले होते." हेपारिन द्यायचं की नाही, डोक्याचं सीटी स्कॅन हवं का, हे डॉक्टर ठरवतील. पुढचे काही आठवडे डोकेदुखी, उलटी, जास्त झोप, असंबद्ध बोलणं किंवा एका बाजूचा अशक्तपणा यांपैकी काहीही दिसलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा.

आता पडण्याकडे वळते. घरात जे केलंत ते चांगलंच आहे, त्यातलं काही काढू नका. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गोष्ट मला सापडली नाही. ते पडले कधी? कुठल्या वारी, किती वाजता, त्याआधी बसले होते, झोपले होते की चालत होते? डायलिसिस त्याच दिवशी झालं होतं का? घरातली माणसं पडल्याची जागा बरोबर सांगतात, वेळ मात्र कुणालाच आठवत नाही. किडनीच्या पेशंटचं निदान अनेकदा त्या वेळेतच दडलेलं असतं.

आमच्या डायलिसिस विभागात रोज दिसणारी एक गोष्ट सांगते. सुया निघतात, पेशंट बोळा दाबून धरतो, रक्त थांबतं, पट्टी लागते. न्यायला आलेला मुलगा दारात उभा असतो. चार तास पडून राहिलेला माणूस तडक उठतो आणि वजनकाट्याकडे निघतो. काट्याची ती दोन-तीन इंचांची पायरी चढताना त्याचा मोकळा हात हवेत काहीतरी शोधत असतो. सिस्टरची नजर तिकडे असली तर ती धरते. घरी पोचल्यावर जिन्याजवळ कुणी नसतं.

त्या चार तासांत अंगातलं दोन-तीन लिटर पाणी काढलेलं असतं. ते निघतं रक्तातून. ऊतींमधलं पाणी रक्तवाहिन्यांत परत येऊन भरपाई व्हायला वेळ लागतो. त्यात मधुमेहाने नसा मंदावलेल्या. उभं राहताच पायातल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त वर ठेवणं हे त्या नसांचं काम, आणि तेच त्यांना वेळेवर जमत नाही. वर सकाळी घेतलेली बीपीची गोळी. मग माणूस उभा राहतो आणि बीपी खाली येतं.

हे पकडायचं कसं? आडवं पडून बीपी १३० आलं की सगळे खूश होतात, उभं राहिल्यावरचं फारसं कुणी घेत नाही. ते तुम्ही घ्या. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा. मग जवळ कुणीतरी धरून उभं राहू द्या आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर पट्टा कधीच बांधायचा नाही. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. "चक्कर येते का?" एवढंच विचारून भागत नाही. बीपी इतकं उतरूनही काहींना भोवळ येत नाही, नुसते पाय गेल्यासारखे वाटतात.

डॉक्टरांना ड्राय वेटबद्दल, म्हणजे अंगातलं जादा पाणी निघाल्यावर जे वजन असायला हवं त्याबद्दल, नक्की विचारा. भूक सुधारून अंगावर मांस चढलं आणि ड्राय वेटचा आकडा जुनाच राहिला, तर दर वेळी गरजेपेक्षा जास्त पाणी काढलं जातं. उलट दोन डायलिसिसच्या मध्ये वजन फार वाढत असेल, तर तेवढं पाणी तेवढ्याच वेळात ओढावं लागतं आणि बीपी कोसळतं. तिथे मीठ कमी करणं हाच खरा उपाय. मीठ कमी झालं की तहानही कमी लागते. नुसतं "पाणी कमी प्या" असं रागावून कुणाची तहान कमी झालेली मी पाहिलेली नाही. बीपीच्या गोळीची वेळ बदलता येते, डोसही. पण ते डॉक्टरांनाच करू द्या, आपल्या मनाने गोळी बंद नको.

पहाटे किंवा जेवणाची वेळ टळल्यावर पडले असतील, तर आधी साखर तपासा. इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनी करते. किडनी थकली की तेच इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, आणि वर्षानुवर्षं सोसलेला डोस अचानक जड होऊन साखर फार उतरते.

व्हीलचेअरचं मात्र मला मुळीच पटत नाही. लांबच्या अंतराला, डायलिसिसहून परतताना खुशाल वापरा. चालणं बंद करण्यासाठी नको. या आजारात स्नायू आधीच झपाट्याने झडतात. रक्तातली आम्लता, कमी जेवण, डायलिसिसमध्ये वाहून जाणारी प्रथिनं, या सगळ्यांचा तो परिणाम. मांड्या गेल्या की माणूस खुर्चीतून संडासच्या सीटवर जातानाही पडतो. घरी एक चाचणी करा : खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर फिजिओथेरपिस्ट गाठा. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं हे व्यायाम डायलिसिस नसलेल्या दिवशी करा, आणि जवळ कुणीतरी असू द्या.

एक राहिलं. "हाडं ठिसूळ झाली असतील" म्हणून कुणी हाडांचं इंजेक्शन सुचवलं, तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. यांच्या हाडांचा बिघाड साध्या ऑस्टिओपोरोसिसपेक्षा गुंतागुंतीचा असतो, त्यात फॉस्फरस आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी यांचा हात असतो. डेनोसुमॅबसारख्या इंजेक्शनने डायलिसिसच्या पेशंटचं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

आणि बाबांना माझा निरोप द्या : ७६ वय हे पडण्याचं कारण म्हणून मी केसपेपरवर लिहीत नाही.

प्रश्न : वय ६९. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन २.८, डायलिसिस नाही. पायांची आग होते म्हणून प्रिगॅबालिन सुरू झालं. दोन आठवड्यांपासून चालताना झोक जातो, दिवसाही पेंग येते. रात्री तीनदा लघवीला उठतो. अजून पडलो नाही.

उत्तर : पडायच्या आधी लिहिलंत, बरं केलंत. प्रिगॅबालिन जवळजवळ सगळं किडनीवाटेच बाहेर जातं. किडनी मंद असेल तर साधा डोसही अंगात साठत जातो, आणि तुम्ही सांगता तशीच लक्षणं दिसतात. गोळी एकदम तोडू नका, पण पुढच्या तारखेची वाटही बघू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून क्रिएटिनिनचा आकडा सांगा. गॅबापेंटिन आणि बॅक्लोफेन या गोळ्यांचंही असंच आहे. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या : झोपेची गोळी, खाजेची गोळी, प्रोस्टेटची गोळी. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना बीपी उतरतं, आणि खाजेच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते.

रात्रीच्या लघवीचं कारण बहुधा किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी झाली हे असावं. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल, तर ती सकाळी घेता येईल का ते विचारा. रात्री उठताना पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसा. पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवायला लाजू नका.

प्रश्न : आई फिस्टुलाच्या हातावर पडली. हात सुजलाय, दुखतोय. घरात डायक्लोफिनॅक आहे, देऊ का?

उत्तर : नको. उरलीसुरली किडनी त्याने दुखावते, आणि पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून. फिस्टुलावर बोटं हलकेच ठेवून बघा, रोजची थरथर लागते का? लागत नसेल किंवा मंद वाटत असेल, तर आजच डायलिसिस सेंटरला जा, उद्यावर ढकलू नका. थरथर नीट असली, तरी सूज वाढत असेल किंवा मनगट हलत नसेल तर एक्स-रे हवाच. आणि ती कधी पडली, ते लिहून ठेवा.