गोठलेल्या तळ्यावर तासन्‌तास उभे राहायचे, तर अंगावर काय असावे?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे आलो. लहानपणी मालवणजवळच्या आजोळी खाडीवर गरवायला जात असे, त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत सहकाऱ्यांनी लेक सिमको या गोठलेल्या सरोवरावर मासे पकडायला बोलावले, तेव्हा मी मोठ्या हौसेने गेलो. अंगात सुती थर्मल, त्यावर जाड स्वेटर, जीन्स, पिसांचा महागडा कोट आणि पायांत मोज्यांच्या दोन जोड्या असा सगळा जामानिमा होता. तापमान उणे 10 अंश होते. याच कोटात मी उणे 20 अंशांतही बसथांब्यावर बिनघोर उभा राहतो, परंतु त्या दिवशी तासाभरातच हुडहुडी भरली, पायांची बोटे बधिर झाली आणि मला गाडीत जाऊन बसावे लागले. माझे काय चुकले, की आपल्याकडच्या माणसाला ही थंडी मानवतच नाही?
– एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर : आपल्याकडच्या माणसालाही ही थंडी मानवते, अशी खात्री मी स्वतःच्या अनुभवावरून देतो. मी याच सरोवराच्या काठी बॅरी शहरात राहतो आणि गेली अनेक वर्षे दर हिवाळ्यात त्या बर्फावर उभा राहत आलो आहे. माझा पहिला हिवाळा मात्र अगदी आपल्यासारखाच गेला होता. आपला कोट चांगला आहे, पण तो चालणाऱ्या आणि थोडा वेळ थांबणाऱ्या माणसाचा कोट आहे. गळ टाकून बसणारा माणूस आधी भरपूर मेहनत करतो आणि मग तासन्‌तास जागचा हलत नाही. थंडी त्याला गाठते ती या दोन अवस्थांच्या मधल्या क्षणी.

त्या सकाळचा क्रम आठवून पाहा. काठापासून बर्फावरून बरेच अंतर चालत गेलात, सामानाची स्लेज दोरीने ओढलीत, मग गिरमिटाने बर्फात भोक पाडलेत. एवढ्या श्रमाने कोटाच्या आत घाम सुटला आणि तो सुती थर्मलने टिपकागदासारखा शोषून घेतला. त्यानंतर आपण बादली उपडी घालून त्यावर बसलात. श्रम थांबले, शरीरातली ऊब निर्माण होण्याचा वेग उतरला, आणि ओले सुती कापड पाठीला चिकटून राहिले. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओली बनियन अंगात असताना बाहेरचा कोट कितीही जाड असला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यात लेक सिमको सुमारे 722 चौरस किलोमीटरचे मोकळे मैदान आहे. तिथे वारा अडवायला झाड नाही की भिंत नाही. उणे 10 अंश तापमानात ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 20 इतकी जाणवते, आणि तापमान उणे 20 असेल तर उणे 33 इतकी. जाणवणारी थंडी उणे 28 च्या खाली गेली की उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, असा इशारा कॅनडाचे हवामान खाते देते.

तेव्हा पहिली दुरुस्ती कोटाची नव्हे, तर कातडीला लागून असलेल्या कापडाची. सुती काहीही नको. जीन्सही नको, कारण तीही सुतीच. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ, अंगासरशी बसणारा थर घालावा. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही आणि ओला झाल्यावरही बरीचशी ऊब राखतो. मधला थर जाड फ्लीसचा किंवा लोकरी स्वेटरचा असावा आणि तो सैल असावा, कारण ऊब धरून ठेवते ती कापडात अडकलेली स्थिर हवा. स्वेटर कोटाखाली दाबला गेला की ती हवाच निघून जाते. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा हवा.

हे शास्त्र आपल्याकडे कुणाला शिकवावे लागलेले नाही. भर पावसात मेंढरांमागे उभा असणारा धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. ती लोकर भिजते, जड होते, पण आतला माणूस गारठत नाही. कोकणात भातलावणी करणारी बाई पाठीवर इरले घेते, ते पाणी बाहेरच्या बाहेर निथळवून टाकते. आत घोंगडी आणि वर इरले अशी जोडी डोळ्यांसमोर आणली, की दुकानात टांगलेल्या शंभर कोटांपैकी आपल्याला काय हवे ते चटकन कळते.

दुसरी दुरुस्ती अशी, की ज्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. जाड कोट अंगात घालून बर्फावर चालू नका. तो स्लेजवर कोरड्या पिशवीत बांधून न्या. चालताना आणि गिरमिट फिरवताना पातळ थर आणि वारा अडवणारे एक हलके जाकीट पुरे. सुरुवातीला किंचित थंडी वाजलीच पाहिजे, वाजत नसेल तर कपडे जास्त झाले आहेत असे समजावे. भोक पाडून झाले, दोन मिनिटे श्वास शांत झाला, अंग अजून गरम आहे, त्याच वेळी कोट चढवावा. हुडहुडी भरल्यावर कोट घातला तर तो गारठ्यालाच आत कोंडतो. आतला थर भिजलाच असेल, तर लाज न बाळगता आडोशाला जाऊन तो बदलावा. मी पिशवीत नेहमी एक कोरडी लोकरी बनियन ठेवतो आणि जवळजवळ प्रत्येक खेपेला ती वापरतो.

आता कोट. मऊ पिसांचा कोट वजनाच्या मानाने सर्वांत ऊबदार हे खरे, पण पिसे ओली झाली की त्यांचे गोळे होतात आणि त्यांची ऊब संपते. बर्फावर ओलावा सर्व बाजूंनी येतो. भोकातून उसळलेले पाणी, गुडघे टेकल्यावर लागणारा लगदा, माशाचे शेपूट, आतून घाम. म्हणून या कामासाठी कृत्रिम तंतूंचे अस्तर असलेला कोट घ्यावा. तो थोडा बोजड असतो, पण भिजला तरी निभावून नेतो. बसल्यावर कंबर उघडी पडणार नाही इतका तो लांब असावा, चेन वरून आणि खालून दोन्हीकडून उघडणारी असावी, टोपी कानटोपीवर बसेल एवढी मोठी असावी, आणि मनगटापाशी बाहीच्या आत घट्ट विणीचा दुसरा कफ असावा. हा कफ मी सर्वांत आधी तपासतो. भोकातून मासा वर काढताना हात पाण्याशी जातो, आणि कफ नसेल तर पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत उतरते. खाली साधी पँट न घालता छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली डांगरी घ्यावी. तिने कमरेची फट कायमची बंद होते. डांगरीच्या गुडघ्यांना आणि बसण्याच्या जागी जाड अस्तर आहे ना, हे दुकानातच बसून पाहावे.

मिळाले तर पाण्यात तरंगणारा सूट घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्याच्या अस्तरात बंद कप्प्यांचा फोम असतो. तो ऊबही देतो आणि बर्फ फुटलाच तर माणसाला वर धरतो. एकट्या माणसाला चालण्यासाठी स्वच्छ, निळसर बर्फ किमान 10 सेंटिमीटर जाड लागतो, आणि पांढऱ्या, बर्फवृष्टीतून घट्ट झालेल्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच धरतात. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसासाठी सांगितलेला हिशेब इथल्या प्रत्येक गरवणाऱ्याने पाठ केलेला असतो : श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय कामाचे असेपर्यंत 10 मिनिटे, आणि गारठ्याने शुद्ध हरपण्याआधी सुमारे 1 तास. त्या 10 मिनिटांत शक्ती तरंगून राहण्यात खर्च न होता बाहेर येण्यात खर्च व्हावी, यासाठी तो सूट. गळ्यात बर्फात रोवायच्या टोच्यांची जोडीही असू द्यावी.

पायांबाबत आपली चूक मोज्यांच्या दोन जोड्यांत आहे. बूट आवळला की रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही, आणि मग बोटांना ऊब कोठून मिळणार? लोकरीचा एकच जाड मोजा, आतला नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, भाग सुटा काढता येणारा आणि एक माप मोठा बूट असे समीकरण ठेवावे. घरी आल्यावर तो आतला भाग काढून वाळवावा. शिवाय थेट बर्फावर पाय ठेवून उभे राहू नये. जुन्या चटईचा तुकडा, फोमची पट्टी, अगदी लाकडाची फळीही चालते. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट शिकारी सीलच्या श्वासाच्या भोकाशी कित्येक तास निश्चल उभे राहत, तेव्हा पायांखाली कातड्याचा तुकडा अंथरत. अंगावर कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, कातड्याचे दोन सैल अंगरखे, आतल्याची लव आत आणि बाहेरच्याची लव बाहेर. नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनने 1903 ते 1905 या काळात त्यांच्याजवळ मुक्काम करून ही पोशाखाची रीत शिकून घेतली आणि पुढे 1911 मध्ये दक्षिण ध्रुव गाठताना ती वापरली. निश्चल उभे राहण्याची विद्या त्या लोकांइतकी कुणालाच अवगत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

हातांसाठी बोटे सुटी असलेल्या मोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहतील असे पिशवीवजा मोजे घ्यावेत, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. गळ सोडवताना ते काढावेच लागतात, म्हणून ते दोरीने कोटाला अडकवलेले असावेत. मासा हाताळल्यावर हात लगेच टॉवेलने पुसून, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून मगच मोज्यांत घालावेत. खिशात एवढा एक टॉवेल नसल्यामुळे माझ्या एका सोबत्याचा पूर्ण दिवस वाया गेलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : माझे सासरे 68 वर्षांचे असून कोल्हापूरहून हिवाळ्यासाठी आमच्याकडे टोरांटोला आले आहेत. त्यांना मधुमेह आहे. रंकाळ्यावर गळ टाकून बसण्यात त्यांचे तारुण्य गेले, त्यामुळे बर्फावरची मासेमारी एकदा पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. त्यांना न्यावे का?
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : डॉक्टरांना विचारून अवश्य न्यावे, मात्र उघड्यावर नव्हे, तर भाड्याने मिळणाऱ्या, शेगडी असलेल्या खोपटात. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असू शकते, म्हणजे पाय गारठत आहेत किंवा भाजत आहेत हे त्यांना स्वतःला कळणार नाही. दर अर्ध्या तासाने बूट उतरवून त्यांची बोटे आपण आपल्या हातांनी चाचपून पाहावीत. पांढुरकी, टणक वाटली तर त्याच वेळी परत फिरावे आणि बोटे चोळू नयेत. ऊब देणाऱ्या पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते, ती हवेशी संयोग होऊन तापते. अशी पुडी त्यांच्या त्वचेला थेट लावू नये आणि बुटात तर मुळीच घालू नये. खोपटात गॅसची शेगडी पेटती असताना झरोका बंद करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीसाठी म्हणून कुणी मद्य पुढे केले तर नम्रपणे नाकारावे, त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली ऊब उलट लवकर बाहेर पडते. थर्मासमध्ये त्यांच्या आवडीचा बिनसाखरेचा आल्याचा चहा न्यावा. कोट नवा घेण्याची गरज नाही. आपल्याकडचा एक माप मोठा कोट आणि खाली त्यांचा कोल्हापूरहून आणलेला लोकरी स्वेटर पुरेसा होईल.

प्रश्न : मार्चमध्ये आम्ही हिमाचलमधील तीर्थन खोऱ्यात ट्राउट पकडायला जाणार आहोत. वरील प्रकारचाच कोट लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लागणार नाही. ट्राउटसाठीची बंदी 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असते, त्यामुळे आपण हंगामाच्या आरंभीच पोहोचाल आणि नदीत वितळलेल्या बर्फाचे पाणी असेल. इथे आपण बर्फावर बसणार नसून वाहत्या पाण्यात उभे राहणार आहात, म्हणून खर्च कोटावर न करता छातीपर्यंत येणाऱ्या जलरोधक पोशाखावर करावा आणि त्याच्या आत लोकरी विजार घालावी. त्यावरचे जाकीट कमरेपर्यंतच आखूड असावे, नाहीतर त्याचा घेर पाण्यात भिजत राहतो. पोशाखाचा कमरपट्टा घट्ट आवळलेला असलाच पाहिजे. पाय घसरून पडलात तर पोशाखात पाणी भरण्याचा वेग त्यानेच कमी होतो. तिथले गोटे शेवाळलेले असतात, म्हणून काठी सोबत घ्या, आणि मत्स्यविभागाचा परवाना पाण्यात उतरण्याआधी काढून तो कोरड्या पिशवीत आतल्या खिशात ठेवा.