काळ्या आई-बापांचं पिवळं पिल्लू

प्रश्न : मी तासगावचा. आठ महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका ब्रीडरकडून २२,००० रुपयांना लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. ‘आई-बाप दोघं काळे, केसीआय पेपर महिन्याभरात’ असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. पिल्लू निघालं पिवळं, पेपर (केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशनोंदणीचे कागद) आजतागायत नाहीत. गल्ली म्हणते, भेसळ आहे. पुढे क्रॉसिंगला देऊन चार पैसे मिळतील, असंही डोक्यात होतं. फसवणुकीची केस होईल का?

उत्तर : केस होईल, पण रंगावर नको. रंगावर गेलात तर पहिल्याच तारखेला तोंडघशी पडाल. लॅब्रॅडॉरमध्ये काळा, पिवळा, चॉकलेट हे तिन्ही रंग मान्य आहेत. दोन्ही काळ्यांच्या अंगात पिवळ्याचा जीन दडलेला असेल, तर सरासरी चारांत एक पिल्लू पिवळं येतं. उलटं असतं, म्हणजे आई-बाप पिवळे सांगून पिल्लू काळं दिलं असतं, तर मी रंगावरच भांडलो असतो. दोन पिवळ्यांना काळं पिल्लू होत नाही. खरसुंडीच्या बाजारात खिलारी वासराच्या डोक्यावर तांबूस झाक दिसली म्हणून कोणी गाईवर संशय घेतो का? ती चार-दोन महिन्यांत जाते, हे आपल्याला ठाऊक असतं. कुत्र्याचं ठाऊक नसतं, एवढंच.

तुमचं खरं हत्यार तो मेसेज. वर्णन सांगून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा, असं १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं; आणि ‘पेपरवालं’ हेही वर्णनच. बावीस हजार त्या पेपरचेच मोजलेत.

दुसरं, तुम्ही पाठवलेलं लसीचं कार्ड. जन्मतारीख आणि तुमच्या ऑनलाइन पेमेंटची तारीख यांत ४१ दिवस आहेत. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हे कार्ड तुमच्या लक्षातच आलेलं दिसत नाही.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची. आई-बापाचे केसीआय नोंदणी क्रमांक आणि ब्रीडरचा नोंदणी क्रमांक मागा. डीएनएचं नंतर बघू. आई-बापाच्या नमुन्यांशिवाय पिल्लाचं त्यांच्याशी नातं सिद्ध होत नाही. उत्तर आलं नाही, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ब्रीडर पुण्याचा असला तरी चालतं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

मेसेज पुसू नका, फोन बदलू नका.

आता क्रॉसिंगचं. व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हा ग्राहक कायदा सहसा लागत नाही, समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवील. पिल्लू मुळात घरासाठीच घेतलं असेल तर तक्रारीत तसं सरळ लिहा. कमाईसाठीच घेतलं असेल तर नोटिशीआधी कागद घेऊन भेटा, खोटं प्रतिज्ञापत्र मी करत नाही.

आणि पिल्लू परत देऊन पूर्ण पैसे मागू नका. आठ महिन्यांनी ते तुमच्या ओट्यावर झोपतंय. पेपरवाल्या आणि बिनपेपरच्या पिल्लाच्या किमतीतला फरक, वर नुकसानभरपाई आणि खर्च मागा.