एक ओढलीस म्हणून मोडलं नाही

अरे, सिगरेट सोडल्यावर नवव्या दिवशी एक ओढलीस तर आधीचे आठ दिवस पाण्यात गेले असं कोण म्हणालं? मी तिसऱ्या खेपेला सुटलो. दुसऱ्या खेपेला इंदूरच्या सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन झाल्यावर मित्राने एक पुढे केली. 'आता मोडलंच आहे' म्हणत मी घरी येईपर्यंत अख्खं पाकीट संपवलं. चूक ती, पहिली नव्हे.

सध्या एवढंच कर:
- उरलेलं पाकीट नळाखाली भिजवून फेक. 'अडीअडचणीला' एकही ठेवू नकोस.
- तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप टाकून चालत राहा.
- पोह्यांनंतरचा चहा महिनाभर टपरीवर नको, घरीच.

आणि गुटख्याकडे वळू नकोस, निकोटिन तेच. तलफ कमी करणाऱ्या निकोटिनच्या गम-पॅचचं नंतर बोलू. फारच जड गेलं तर सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, १८००-११-२३५६, फुकट आहे. नंबर पाकिटावरच छापलेला असतो. आपण कधी वाचला नाही एवढंच.